टाके सुकले म्हणजे बरी झाली?



शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी नात्यातल्या दोघी मला बघायला आल्या. मी पोटाशी उशी धरून पलंगावर बसले होते. एकीने विचारलं, "टाके काढले ना?" म्हटलं, काढले, जखमही छान सुकलीय. "मग आता काय राहिलं?" प्रश्न प्रेमाचाच होता, पण मला उत्तर देता येईना. जखम खरंच सुकली होती. दुखत होती ती मान, खांदे, मांड्या, पायाचे तळवे, अगदी बांगडीचं मनगटसुद्धा. पोटाच्या ऑपरेशनचं मनगट का दुखावं, हे मी त्यांना कसं सांगणार? मी हसले आणि म्हणाले, "काही नाही, होईल बरं."

त्या हसण्याबद्दलच आज लिहायचं आहे. आपल्यातल्या किती जणी असं हसून वेळ मारून नेतात, हे मला ठाऊक आहे. आणि माझं मत असं झालं आहे की हे हसणं चूक आहे. आरोग्याच्या दृष्टीने चूक आहेच, आपल्या धर्माच्या दृष्टीनेही चूक आहे.

मला बारा वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. आपल्याकडे याला "अंग धरलंय", "वात झालाय" असं म्हणून सोडून देतात. तीन महिन्यांहून जास्त काळ सगळ्या अंगभर दुखणं, रात्रभर झोपूनही सकाळी न झोपल्यासारखं वाटणं, थकवा, आणि दूध गॅसवर ठेवलंय हेच विसरून जाणं, ही त्याची लक्षणं. रक्त तपासा, एक्स-रे काढा, सगळं नॉर्मल येतं. त्यामुळे घरचे म्हणतात, "रिपोर्टमध्ये तर काहीच नाही." पूर्वी अंगावरच्या अठरा ठरावीक जागा दाबून त्यातल्या अकरा दुखल्या तर निदान करायचे. १९९० सालची अमेरिकेतली ती पद्धत. २०१० मध्ये निकष बदलले. आता अंगाच्या किती भागांत दुखतं, झोप, थकवा, विसरभोळेपणा किती, हे विचारून डॉक्टर ठरवतात. हा आजार बायकांमध्ये जास्त सापडतो.

माझ्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. रेडिओवर गाणं तेच असतं, पण आवाजाचं बटण मोठं करून ठेवलं तर घर दणाणतं. या आजारात स्नायू किंवा सांधे झिजलेले नसतात, मेंदू आणि मज्जारज्जूतलं वेदनेचं बटण मोठं झालेलं असतं. म्हणून दुखणं खरं असतं आणि तपासणीत मात्र दिसत नाही.

आता या शरीरावर पोटाची शस्त्रक्रिया झाली तर काय होईल, विचार करा. मला अंडाशयाची मोठी गाठ निघाली, पोट उघडून गर्भाशयासह ती काढावी लागली. गाठ साधी निघाली, देवगुरूंची कृपा. पण ज्याचं बटण आधीच मोठं, त्याला पोटावरची चीर जास्त दुखणारच. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या भूलतज्ज्ञांनी गर्भाशय काढलेल्या बायकांचा अभ्यास २०१५ मध्ये छापला होता. फायब्रोमायल्जियाच्या प्रश्नावलीत जिचे गुण जास्त, तिला शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकही जास्त लागलं. म्हणजे "तुलाच कशी एवढी दुखतं? अमकीला तर पाचव्या दिवशी स्वयंपाक करताना पाहिलं" या टोमण्याचं उत्तर आहे. अमकीचं बटण वेगळं, माझं वेगळं.

पण त्याआधी एक गोष्ट, जी आपल्या बीड जिल्ह्यात राहून न बोलता पुढे जाता येत नाही.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या धारूरच्या घाटातून ऊसतोडीच्या टोळ्या जाताना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ट्रॅक्टरवर संसार, वर बायका-पोरं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे "एक कोयता" म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी आली म्हणून, पोटात दुखतं म्हणून बसता येत नाही. २०१९ च्या जून महिन्यात विधान परिषदेत तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मी कॉमर्सची आहे, आकडा दिसला की भागाकार करते. दर सहा जणींमागे एक. यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या होत्या. पुढे सुप्रीम कोर्टानेही ५ एप्रिल २०२३ रोजी, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, विनाकारण गर्भाशय काढलं जाऊ नये म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला.

त्या बायका पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून जाणं घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या. पिशवी काढली की सगळं थांबेल, असं त्यांना वाटलं किंवा सांगितलं गेलं. पाळी थांबली, पण शस्त्रक्रियेनंतरही कितीतरी जणींची कंबर, मान, गुडघे दुखतच राहिले. त्यांना फायब्रोमायल्जिया होता असं मी म्हणणार नाही, तपासल्याशिवाय ते कोणी सांगू शकत नाही. ऊस तोडून मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईची कंबर दुखायला दुसरा आजार लागत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की दुखणं कुठून येतंय ते आधी विचारलं पाहिजे. अवयव काढता येतो, पण मज्जासंस्थेत बसलेली वेदना चाकूने निघत नाही. आपल्या घरातही हे घडतं. "पिशवी काढून टाका, कटकट जाईल" असं चाळिशीतल्या सुनेला सांगणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. गाठ, कर्करोगाची शंका, औषधाने न थांबणारा रक्तस्राव अशी कारणं असतील तर शस्त्रक्रिया जरूर करावी, मीही केली. पण निव्वळ दुखतं म्हणून काढायची असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, सोनोग्राफी दाखवा, आणि औषधाने काय होईल ते विचारा. पाळी जाण्याआधी अंडाशयंही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हेही लक्षात ठेवा.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

माझं ऑपरेशन चातुर्मासात झालं. कित्येक वर्षांचा चौविहार आहे माझा. दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टरांनी दर आठ तासांनी गोळी लिहून दिली होती: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. मी रात्री दहाची गोळी गपचूप सोडून देत होते. घरात कोणाला सांगितलं नाही. पहाटे तीन-चारला पोट असं उसळायचं की कूस बदलता यायची नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं अंग दुखायचं, आणि अंग दुखलं की पुन्हा झोप नाही. पाच रात्री असं चाललं. मी स्वतःला म्हणत होते की अशाता वेदनीय कर्म उदयात आलंय, समभावाने भोगलं की निर्जरा होईल.

सहाव्या दिवशी सुनेला पाकिटात गोळ्या उरलेल्या दिसल्या. ती वाद घालत बसली नाही. तिने गावात चातुर्मासाला असलेल्या महासतीजींना घरी पगलं करायला विनंती केली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "रात्री तीन वाजता तुम्ही नवकार म्हणता की दुखण्याचा विचार करता?" खरं सांगायचं तर नवकार सुरू व्हायचा आणि तिसऱ्या पदाला दुखण्यावर घसरायचा. मग त्यांनी समजावलं की पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, आणि संध्याकाळच्या पच्चक्खाणातला शेवटचा आगार समाधीसाठीच आहे. रोगाने मन ढळत असेल तेव्हा औषधासाठी दिलेली ती सूट आहे. त्यांनी मला बरी होईपर्यंत दुविहार करायला सांगितलं, म्हणजे पाणी आणि औषधाची मोकळीक राहिली.

आपण रोज ते पच्चक्खाण म्हणतो आणि त्यातला शब्द ऐकत नाही, याची मला तेव्हा लाज वाटली.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आपल्याकडे चार ध्यानं सांगितली आहेत, त्यातलं पहिलं आर्तध्यान, आणि त्याच्या चार प्रकारांत वेदनेचं चिंतन हा एक प्रकार. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ते आलं आहे. म्हणजे दुखतंय, दुखतंय करत रात्र काढणं हे तप होत नाही, त्याने उलट कर्म बांधलं जातं. बावीस परीषहांत रोग परीषह आहे हे खरं. पण ते साधुजीवनाच्या तयारीने, समजून, गुरूंच्या आज्ञेने सोसणं आहे. गोळी लपवून, सुनेला खोटं सांगून सोसणं त्यात बसत नाही. आणि त्याच अध्यायात आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्य आहे, ज्याला आपण वेयावच्च म्हणतो, आणि ज्यांची सेवा करायची त्यांत ग्लान, म्हणजे आजारी साधूही मोजला आहे. आजाऱ्याची सेवा हे तप असेल तर आजाऱ्याने ती सेवा घेणं हे पाप कसं? मी नाही म्हटलं तर माझ्या सुनेने वेयावच्च करायची कोणाची?

ज्यांना हा आजार आहे आणि पोटाची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांच्यासाठी मला कळलेल्या गोष्टी लिहिते. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

सगळ्यात आधी, सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही फायब्रोमायल्जिया असल्याचं आणि चालू गोळ्यांचं नाव सांगा. पाकिटंच घेऊन जा. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी काही घेत असाल तर मनाने अचानक बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉल देतात, ते ड्युलोक्सेटिनसोबत चालेल का हे त्यांनी बघायला हवं. प्रीगॅबालिन चालू असताना तीव्र वेदनाशामक दिलं तर गुंगी आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. हे त्यांना माहीत असतं, पण तुम्ही काय घेता ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

चौविहार, जमीनकंद आणि कॅप्सूलचं आवरण यांबद्दलही आधीच बोला. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं. कितीतरी औषधं साध्या गोळीतही मिळतात, कॅप्सूल मात्र आपल्या हाताने फोडून घेऊ नका. वेळापत्रक बसवायलाही डॉक्टर मदत करतात. माझ्या डॉक्टरांना नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आधी बोलला असतात तर बारा तासांची गोळी दिली असती. एक नवकारशीनंतर, एक सूर्यास्ताआधी." पाच रात्री मी विनाकारण जागले.

वेदनाशामक ठरल्या वेळी घ्या, दुखणं चढायची वाट बघू नका. चढलेलं दुखणं उतरवायला वेळ लागतो. खोकला, शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरा. उठताना सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या जोरावर उठा. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन-तीन दिवस खांदा दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळे ते होतं, घाबरू नका. पहिल्या दिवसापासून सांगितल्याप्रमाणे चाला, पायात रक्त गोठू नये आणि आतडी सुरू व्हावीत म्हणून ते लागतं.

मलावरोध हा मोठा शत्रू. वेदनाशामकांनी तो होतो, आणि चातुर्मासात पालेभाजी बंद, आठम-चौदसला हिरवं बंद, म्हणून वाढतो. मला मऊ मुगाची खिचडी, दुधी, दोडका, भरपूर उकळलेलं पाणी आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल यांनी उतार पडला. आल्याऐवजी सुंठ चालते. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून मूग, मटकी, दूध, ताक पोटात जाऊ द्या. ते दिवस एकासणा-आयंबिलाचे नाहीत. तपाची अनुमोदना करा, तप पुढच्या वर्षी होईल.

सामायिक खुर्चीवर करा. अठ्ठेचाळीस मिनिटं एका बैठकीत जमत नसेल तर पडून माळ फिरवा. वाकून वंदना करू नका, भाववंदना पोचते.

आणि जमाखर्च ठेवा. बी.कॉम. करून मी आयुष्यभर घरचाच हिशेब लिहिला, तोच इथे कामी आला. वहीत रोज लिहायची: झोप किती, चालले किती, काय काम केलं, दुखणं दहापैकी किती. महिन्याने दिसलं की ज्या दिवशी बरं वाटतं म्हणून मी दोन दिवसांचं काम उरकते, त्याच्या पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. शिल्लक नसताना उचल घ्यायची नाही, हा नियम केला. दहा मिनिटं काम, मग विसावा, बरं वाटत असलं तरी. चालणं मात्र बंद करायचं नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये या आजारासाठी सगळे उपाय तपासून सर्वांत ठाम शिफारस केली ती व्यायामाचीच. मी घरातल्या घरात पाच मिनिटांनी सुरुवात केली, तीन महिन्यांनी किल्ल्याच्या वाटेवर अर्धा तास चालू लागले.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक दुखणं त्याच आजाराच्या नावावर टाकू नका. ताप, जखमेतून पू, दुर्गंधीचा स्राव, जास्त रक्तस्राव, उलट्या, पोट फुगून वायू न सरणं, एका पोटरीला सूज, धाप लागणं, यांतलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. "तिचं नेहमीचंच आहे" हे वाक्य घरच्यांनी त्या दिवसांत उच्चारू नये.

शेवटी मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या आधी चार वर्षं, आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचं गर्भाशय काढलं होतं. पूर्वी ती टोळीबरोबर जायची. शस्त्रक्रियेनंतर पंधराव्या दिवशी ती कामावर आली. मी तिला विचारलं, "टाके सुकले ना?" ती हसली, म्हणाली, "व्हय काकू, काय न्हाई आता." आणि तिने पाण्याची भरलेली बादली उचलली. मी पाहत होते. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बाईने निदान सहा आठवडे जड उचलू नये, हे मला माझ्या वेळी डॉक्टरांनी तीन वेळा बजावलं. तिला कोणी बजावलं असेल तरी उपयोग काय होता? बादली माझ्या घरात होती. खाड्याचे पैसे कापणाऱ्या मुकादमाला आपण नावं ठेवतो, पण तिच्या रजेचा पगार मी तरी कुठे दिला होता?

माझं हसणं आणि तिचं हसणं एकच होतं. फरक एवढाच की माझ्यामागे सून होती, गादी होती, महासतीजी होत्या.

म्हणून माझं मत मांडते. आपण पजुसणात जीवदयेला देतो, औषधदानाची महती ऐकतो. या वर्षी प्रत्येक घराने एवढं करावं: कामवाल्या बाईची शस्त्रक्रिया झाली तर दीड महिना पगारी सुट्टी, आणि नंतर महिनाभर बादली आपण उचलायची. पोटदुखीसाठी पिशवी काढायला सांगितली असं तिने म्हटलं, तर तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आपण सोबत घेऊन जायचं. याला संघाचा ठराव लागत नाही. आणि आपल्या घरातल्या बाईला "टाके सुकले ना?" ऐवजी "रात्री झोप लागते का?" असं विचारायचं. त्या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही, खरं सांगावं लागतं.

आमच्या बाईला मी ते मागच्या महिन्यात विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग ओट्याशी बसून अर्धा तास बोलली. तिची कंबर चार वर्षांपासून रात्रभर दुखते. येत्या सोमवारी आम्ही दोघी अंबाजोगाईला निघालो आहोत.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.